व्हिसाच्या पानावरचं कुंकू

"बसा ना मावशी, तुमच्याच नावानं आलीय ही खुर्ची," चाकाची खुर्ची ढकलणारा पन्नाशीतला कडुबा तिसऱ्यांदा म्हणाला.

"माझे पाय धड हायेत, बाबा. मी काय लुळी हाय व्हय?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि चिकलठाणा विमानतळाच्या काउंटरपुढं ताठ उभ्या राहिल्या. दौलताबादच्या शेतात जन्मभर पायी हिंडलेली बाई. तिला हे सोंग वाटत होतं. खुर्ची सांगून ठेवली होती जर्मनीतल्या लेकीनं, प्रेरणानं. आईला इंग्रजी येत नाही, मुंबईला विमान बदलताना चुकायला नको, म्हणून. प्रेरणाचं बाळंतपण दहा दिवसांवर आलं होतं आणि नवरा सोडला तर तिथं तिचं कोणी नव्हतं.

काउंटरवरच्या विशाखानं पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या पानाशी ती थांबली.

"मावशी, हे काय लावलंय?"

"कुंकू हाय, माय. सकाळी निघताना लावलं." यात विचारण्यासारखं काय, हेच त्यांना कळेना. घरी ट्रॅक्टर आला, त्याला कुंकू लागलं. नातवाचा कॉम्प्युटर आला, त्यालाही लागलं. मग लेकीकडं नेणारा कागद तसाच कसा ठेवायचा? चांगलं ओलं कुंकू घेऊन त्यांनी स्वस्तिक काढलं होतं.

विशाखानं पान यंत्रावर ठेवलं. पुसून पुन्हा ठेवलं. यंत्राला पानाच्या तळच्या दोन ओळी वाचाव्या लागतात आणि स्वस्तिक नेमकं त्यांच्यावरच बसलं होतं.

"एवढंच ना? आण इकडं." मनकर्णाबाईंनी पासपोर्ट ओढून घेतला, पदराचं टोक जिभेला लावलं आणि घासायला लागल्या.

"नका, मावशी, नका पुसू!" विशाखा ओरडली. तोवर कुंकू पानभर पसरलं होतं आणि ओळींची शाईही त्यात मिसळली होती.

विशाखानं मुंबईला फोन लावला, पानाचा फोटो पाठवला, साहेबांशी हुज्जतसुद्धा घातली. पोरीनं काही बाकी ठेवलं नाही. शेवटी तिनं पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी परत दिला.

"हा व्हिसा आता चालणार नाही म्हणतात. असंच पाठवलं तर तिथून परत धाडतील. नवा काढावा लागेल."

"किती दिस लागत्यात?"

"महिना तरी."

"आन् बाळ?"

त्यासाठी विशाखाकडं नियम नव्हता.

मनकर्णाबाईंना रडू आलं नाही. पायांतलं बळच गेलं. कडुबानं खुर्ची झटकन मागं सरकवली, नाहीतर त्या फरशीवरच बसल्या असत्या. त्यानं डिंकाच्या लाडवांची पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची बाहेरच्या दाराकडं वळवली. काचेपलीकडं त्यांचे मालक बद्रीनाथ अजून उभे होते. बायको एकदाची खुर्चीत बसलेली पाहून ते खूश झाले आणि त्यांनी हात हलवला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रेरणाचाच.

"आई, बसलीस ना गं खुर्चीत? का लाजलीस? नेतायत ना नीट?"

मनकर्णाबाईंनी पासपोर्ट पदराखाली घेतला.

"बसले गं, माय," त्या म्हणाल्या. "नेऊ लागलेत."