फटकी

बुडुक. पाण्याच्या बाटलीत एक बुडबुडा वर चढला आणि खोलीतली शांतता फुटली. शैलेशने ग्लास भरून घेतला, पण ओठांना लावला नाही. तसाच हातात धरून उभा राहिला.

"पुसून टाक सगळं," तो म्हणाला. "रविवारी इकामा रिन्यू करायला जायचंय, आपल्या तिघांचा इथे राहायचा परवाना. तिथे फोन मागितले तर?"

शुक्रवारची दुपार, सुट्टीची. समिधाच्या मांडीवर फोन होता आणि फोनमध्ये तिची आई होती.

सीताबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून देवगडहून त्या रोज दुपारी फोनवर निरोप बोलून पाठवायच्या. त्यांचा स्वतःचा फोन समिधाच्या दादाने दिवसकार्य आटोपल्यावर पुसून साफ केला आणि आपल्या मुलीला दिला. उरला होता तो आवाज इथे, कुवेतच्या या दोन खोल्यांत.

शैलेश शुवैखच्या एका गोदामात हिशेब बघायचा. त्याच्याबरोबरचा यूसुफ मागच्या आठवड्यात परत गेला. गेला कसला, पाठवला. कुणाचा तरी आलेला, इथल्या राज्यकर्त्यांची टिंगल करणारा व्हिडिओ त्याने न बघताच पुढे पाठवला होता म्हणे. खरं-खोटं कुणाला ठाऊक? पण तेव्हापासून गोदामातली माणसं फोन पालथा घालून जेवत होती.

"माझ्या आईने काय कुणाचं वाईट केलंय?"

"आईंनी काहीच नाही गं. पण ती फटकी..."

फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. गावातून तो रोग कधीच गेला, सीताबाईंच्या तोंडातून मात्र गेला नाही. दूध न देणाऱ्या म्हशीला फटकी, उशिरा येणाऱ्या एसटीला फटकी. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलेल्या शैलेशला त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं होतं आणि म्हटलं होतं, "किती सुकलास रे, फटकी येवो तुका!" तो बिचारा पुणेकर, घास हातात धरून बसला. मग समिधाने त्याला कानात सांगितलं, की आई ज्याला फटकी देत नाही तो तिच्या मनातून उतरला असं समजायचं. त्या दिवशी त्याने भात दोनदा मागून घेतला.

आणि मागच्या उन्हाळ्यात, नातीची शाळा रणरणत्या उन्हात सुटते असं कळल्यावर, त्या कडाडल्या होत्या: "इतक्या उन्हात पोरांक शाळेत धाडतत? तुमच्या थयल्या राजाक फटकी येवो! तेका नातवंडा नाय काय?"

"तेवढा एक काढते," समिधा म्हणाली.

"आणि बाकीचे? फटकी नसलेला एक दाखव बघू."

समिधाला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले. "पण सरकारच्या ऐकणाऱ्या मशीनला मालवणी कुठे येते?"

"अर्धवट येत असेल तर जास्त वाईट. राजा कळेल, रोग कळेल. माया कोण समजावणार?"

"मग दादाला पाठवून ठेवते."

"यूसुफनेही पाठवलंच होतं, समिधा." त्याचा आवाज खाली आला. "ती सरकारी माणसं सगळं ऐकतात, सगळं साठवून ठेवतात. उद्या इकामा अडला, तर स्वराची शाळा गेली, घर गेलं. मी तरी कुणाला काय सांगू?"

खाली जमिनीवर पाच वर्षांची स्वरा उंटाला निळा रंग देत होती. तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

समिधाने फोन उचलला. शैलेश तिच्या शेजारी येऊन बसला. "एकदा लाव," तो म्हणाला. "राजाचाच लाव."

खोलीत सीताबाई आल्या. मागे कावळा ओरडत होता, कुणीतरी कळशी आपटली. शेवटच्या वाक्याला स्वराने हातातला खडू न सोडताच सूर मिळवला, "फटकी येवो!" तिला तेवढी मालवणी इंग्रजीपेक्षा चांगली यायची. शैलेश हसला, आणि मग ग्लासातलं पाणी त्याने एका दमात संपवलं, औषध प्यावं तसं.

फोनने विचारलं, सगळं कायमचं पुसायचं? समिधाने डोळे मिटून बोट टेकवलं.

थोड्या वेळाने तिने वरणभात कालवला. स्वरा येऊन मांडीला मांडी लावून बसली आणि नेहमीसारखी म्हणाली, "आई, आजी लाव."

जेवताना आजी लागायचीच. आजीने "जेवलंस गो चेडवा?" विचारलं, की पहिला घास जायचा.

"आजी आता फोनमध्ये नाही, बाळा."

"व्हाय?"

"पुसली मी."

स्वराने तोंड मिटून घेतलं. घास तिच्या ओठांशी थांबला. ती रडणार असं समिधाला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं, जवळ तरी घेता आलं असतं. पण ती रडली नाही. विचार करत होती. कपाळावर आजीसारखीच आठी होती.

मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"पण बाबा म्हणाला ना, ते अंकल्स सगळं ऐकतात? सगळं सेव्ह करून ठेवतात?"

"हं."

"मग आजी त्यांच्याकडे असेल ना! आई, आपण त्यांना प्लीज म्हणूया? एकदा ऐकवतील का ते?"