उजवो कौल

“माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणीही—”

“आये, पेज घेतंस काय गो?” दावीद दारातूनच ओरडला.

शांतवन मास्तरांनी बायबलातल्या ओळीवरचं बोट हलवलं नाही. येशूच्या मेंढरांना त्याच्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही, ती ओळ. समोर बाजेवर त्यांची थोरली बहीण मार्था पडली होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. सकाळी डॉक्टर म्हणाला होता, माणसांना बोलावून घ्या. माणसं म्हणजे हा भाऊ आणि हा मुलगा.

मास्तरांना एकच हवं होतं. जाण्याआधी तिनं एकदा म्हणावं, मला ठाऊक आहे मी कुठं चाललेय. ‘बघूया’ नाही. ‘देवाची मर्जी’ नाही. ठाऊक आहे.

पुन्हा.

“माझ्या मेंढरांना माझ्या—”

“मामा, ऱ्हवांदे मगे.” दावीद आत आला. तो कुडाळला एसटीत कंडक्टर होता. खाकी कपडे अजून अंगावरच. “तिका दम लागता. आणि मेल्यानंतरचां कोणाक म्हायत? माणूस बरो वागलो की झालां. ह्या सगळां त्या काळचां.”

“त्या काळचां?”

“आता सगळेच तसां म्हणतत.”

“सगळे म्हणतत म्हणान खरां?”

सगळे. रविवारी प्रार्थनामंदिराची घंटा वाजायची तेव्हा सगळे मासळीबाजारात असायचे. आलेच तर घड्याळाकडे बघायचे. नवा पाळक आला, तोही पापाचं नाव काढत नव्हता. स्वच्छता, एकी, पंचवार्षिक योजना. तारण हा शब्द आता मास्तरांच्या एकट्याच्या तोंडात उरला होता, आणि त्या तोंडातले दातही पडत आले होते.

पुन्हा.

“माझ्या—”

“मास्तरांनू, वायच सरा बघूया.”

सुभद्रा. शेजारीण. माशांची पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून ती थेट बाजेपाशी आली, मार्थाच्या उजव्या हातात काहीतरी ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

“काय ता?” मास्तरांनी विचारलं.

“कळ्यो. देवळात जावन कौल लावन इलंय. मार्थेचो फुडचो रस्तो बरो आसा काय, इचारलंय.” कपाळावरचा घाम पदरानं पुसत ती हसली. “देवान उजवो दिल्यान हो! हयसर प्रश्न संपलो नाय, तवसर कळी पडली.”

देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

मास्तर उभे राहिले. “कौल? ख्रिस्ती बाईसाठी कौल?”

“तीच सांगी मगे! बाजारात माझ्या पाटीकडे उभी ऱ्हवान. ‘सुभद्रे, माका येशूचो कौल गावलो हा.’ इतकी वर्सां आयकतंय. पण उजवो की डावो, ता काय कधी सांगूक नाय. म्हटलां, ती आसा तवसर बघून घेवया.”

दावीद हसला. तोंडावर हात ठेवला, पण हसला.

बाजारात येशूबद्दल सांगत फिरणाऱ्या मार्थासारख्या मिशनच्या बायांना शिकवलेला शब्द होता तो. तारणाची खात्री म्हटलं की बाजारात लोकांना मालाची खात्री देणारा दुकानदार आठवायचा. म्हणून कौल. लोकांना लगेच कळायचं. काय कळायचं, ते आज कळलं. शब्दामागोमाग कळ्याही घरात आल्या होत्या.

“अक्का, टाक त्यो.”

मार्था हलली नाही.

“तुझ्या तोंडान सांग हिका. कळयेची गरज नाय म्हणान सांग. सांग!”

मास्तर वाकले. तिची मूठ धरली. एक बोट उचललं की दुसरं मिटायचं. दुसरं उचललं की पहिलं. नुसत्या हाडांचा हात. पुस्तक घसरून जमिनीवर पडलं. “सोड. अक्का, सोड म्हणतंय!”

“मास्तरांनू, अशे काय करतास!” सुभद्रा मागं सरली.

“मामा, बोटां मोडतली तिची!”

मास्तर थांबले. धाप लागली होती. बोटांना कळ्यांचा तांबडा रंग लागला होता.

मार्थानं डोळे उघडले.

“खेच रे शांत्या.”

मास्तरांनी हात मागं घेतला.

“दमलंस?” तिच्या सुकल्या ओठांवर, लहानपणी शर्यत जिंकल्यावर यायचं, ते हसू आलं. “सुभद्रेन मायेन दिल्यान, म्हणान धरलंय. उजवो काय नि डावो काय, माका तेतूर काय एक बघूचां नाय.” तिनं श्वास घेतला. पुन्हा घेतला. “मराक टेकलेल्या म्हातारेच्या हातातली कळी तुका काढूक येणा नाय. आणि माका तेच्या हातातसून कोण काढतलो रे?”

“कोणाच्या हातातसून गो?” सुभद्रेनं विचारलं.

मार्थाचे डोळे पुन्हा मिटले होते.

दावीदनं खाली वाकून पुस्तक उचललं, झटकलं, पान शोधू लागला. त्याला सापडेना. त्यानं ते मामांपुढं धरलं.

मास्तरांनी घेतलं नाही. ते बाजेच्या कडेला टेकले. ती मूठ त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि तशीच धरून बसले.