एक जानेवारी

“हे फोटो आजचे नाहीत,” ती म्हणाली.

तो नुकताच वरच्या मजल्यावरून आला होता, काचेच्या पेटीत ठेवलेल्या आपल्या तीन दिवसांच्या मुलीला बघून. आत जायची मुभा फक्त बापाला, तीही दिवसातून एकदा, चार ते सव्वाचार. आईला ताप होता आणि तो उतरेपर्यंत तिने पलंग सोडायचा नव्हता. लेकीला तिने अजून पाहिलंच नव्हतं. जे काही पाहिलं ते कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर.

“आजचेच आहेत. आत्ता काढलेत.”

“मग तारीख बघ.”

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे होते. एक जानेवारी. तिने बटण दाबून कालचा फोटो आणला. त्यावरही एक जानेवारी. बाहेर ऑक्टोबर चालू होता.

“तारीख चुकली असेल, मान्य. पण पुढे तरी सरकेल ना? कालही एक, आजही एक?” तिचा आवाज बारीक झाला. “दोन्ही कालच काढलेस तू. आज दाखवायला काही उरलं नाहीये तुझ्याकडे.”

सगळा त्याच्या चिकटपणाचा घोळ होता. दुकानात दोन कॅमेरे होते, एक चार्जिंगचा, महाग, आणि दुसरा पेन्सिल सेलवर चालणारा, निम्म्या किमतीत. या गड्याने अर्थातच दुसरा उचलला. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दहा-बारा फोटोंत सेलची जोडी गारद व्हायची. म्हणून काम झालं की तो सेल काढून खिशात ठेवायचा. सेल निघाले की कॅमेरा सगळं विसरायचा आणि पुन्हा एक जानेवारीपासून सुरू व्हायचा. तारीख लावत बसलं तर तेवढेच सेल जळतात, म्हणून त्या भानगडीत तो पडायचाच नाही.

हे सगळं त्याने तिला सांगितलं. शब्द न् शब्द खरा होता, पण सांगताना त्याला स्वतःलाच ती थाप वाटू लागली.

“सिस्टरना विचार हवं तर.”

“सगळे तेच सांगणार. मला ताप आहे ना.” तिने केसांतला पिवळा चाप ओढून काढला. त्याचा एक दात तुटलेला होता. “हा तिच्याजवळ धर आणि फोटो काढ. जमणार नसेल तर खरं काय ते आत्ताच सांग.”

चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

“परत?” दारातल्या सिस्टरने विचारलं.

“तिला वाटतंय बाळ गेलं. एकच फोटो, सिस्टर.”

सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. “हात धुवा. चाप आत जाणार नाही, काचेबाहेरून धरा. आणि फ्लॅश नको.”

त्याने सेल घातले, बटण दाबलं. लेन्स बाहेर आली, लाल खूण लुकलुकली, लेन्स आत गेली. पुन्हा दाबलं. पडदासुद्धा उजळला नाही. खाली जाऊन नवे सेल आणायला वेळ नव्हता. त्याने सेल काढले आणि तळहातांत धरून खसाखसा चोळायला लागला.

“एक मिनिट राहिलंय,” सिस्टर म्हणाली.

त्याने सेल घातले, डाव्या हाताने चाप काचेला टेकवला, उजव्या हाताने बटण दाबलं. खट्ट झालं आणि कॅमेरा बंद पडला.

खाली तिच्यासमोरही तो उघडेना. “घासून गरम केले की जरा जीव येतो,” असं म्हणत त्याने सेल पुन्हा चोळले. तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती.

पडदा उजळला. पुढे तुटक्या दाताचा पिवळा चाप, आणि त्यामागे शर्टाच्या बटणाएवढं उघडलेलं तोंड. पडदा काळा झाला.

“दिसली?”

“जांभई देतेय,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. त्यालाही आवरलं नाही.

“उद्या नवे सेल आणतो,” तो नाक पुसत म्हणाला. “तारीखही लावतो.”

“मरू दे ती तारीख.” तिने स्वतःच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि पांघरुणाखाली आपल्या तापलेल्या पोटाशी धरले. “उद्या चारपर्यंत गरम राहतील.”