गोड गोळी

केतकीने गोळ्यांची बाटली डॉक्टर पोतनीसांच्या टेबलावर आपटली. "मॅडम, ही तर नुसती साखर आहे! फसवताय तुम्ही आम्हाला. आजपासून आम्ही या औषधाच्या चाचणीत नाही."

तीन आठवडे तिला संशय येतच होता. तिची सात वर्षांची लेक जुई रस्ता दिसला की धावत सुटायची, वर्गात राग आला की चावायची. तीच हल्ली आपली पाळी येईपर्यंत थांबत होती. शाळेनेही हातात दाखला देण्याची भाषा बंद केली होती. आवेगाला आवर घालणाऱ्या गोळीने इतका फरक पडतो? की आणखी काही भलतंच चाललंय?

"साखर आहे, हे कसं कळलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाऊन बघितली. आज सकाळी. अख्खी!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, औषधाची असो की बिनऔषधाची, दोन्ही गोळ्यांवर साखरेचाच थर आहे. कुणाला कुठली मिळते, हे मलाही सांगत नाहीत. पण मेंदूवर काम करणारं, अजून तपासणीत असलेलं औषध तुम्ही सरळ खाल्लंत? आधी एक फोन नाही का करायचा?"

"विचार कुठे केला? हातात आली, तोंडात टाकली," केतकी बोलून गेली. जुईला मारलेली एकेक चापट तिला आठवली. हात आधी उठायचा, कळायचं नंतर.

तिने आवाज खाली आणला. "मॅडम, या चाचणीत आईला घेता का हो?"