पिवळ्या काचा

दुकानातल्या आरशासमोर विनायकरावांनी काळाकुळकुळीत गॉगल चढवला आणि स्वतःवरच खूश झाले. "तूही असाच घे गं. फोटोत झकास दिसेल."

कुमुदबाईंचं कोपर अजून ठणकत होतं. काल औलीच्या उतारावर स्कीइंग शिकताना असलाच काळा गॉगल घालून त्या तीनदा आपटल्या होत्या. ढगाळ उजेडात सगळा बर्फ सपाट पांढरा दिसायचा. खळगा कळायचा तो पडल्यावरच. आजही जमलं नाही, तर स्की परत करायच्या असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या आरशाकडे फिरकल्याच नाहीत. एकेक गॉगल घालून दारात जायच्या, उताराकडे बघायच्या आणि नाक मुरडून परत यायच्या. पिवळ्या काचांचा घातला आणि थबकल्या. कोऱ्या कागदावर कुणी हलकी पेन्सिल फिरवावी, तसे उंचवटे अन् खळगे उठून आले होते.

"अहो, शेडिंग दिसतंय!" तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाई दारातूनच ओरडल्या.

"बेडूक दिसतेस त्यात."

"दिसू दे. मला बर्फ बघायचाय."

तासाभराने प्रत्येक खळग्याला वळसा घालत, एकदाही न पडता, त्या पायथ्याशी येऊन थांबल्या. आनंदाने मागे वळून पाहिलं, तर अर्ध्या उतारावर विनायकराव बर्फात फतकल मारून बसलेले. काळा गॉगल एका कानाला लोंबत होता.

"अगं," ते वरून ओरडले, "त्या दुकानात आणखी एक बेडूक मिळतो का बघ!"