साडेपाच मीटरची दौत

संग्रहालयाने वस्तूंची यादी सगळ्यांसाठी खुली केली आणि तिच्यातून काहीतरी नवं घडवायला प्रोग्रामर मंडळी हॅकेथॉनसाठी सभागृहात ठाण मांडून बसली. यादीतल्या मापांवरून पडद्यावर माणसाच्या चित्राशेजारी तिप्पट उंचीची दौत उभी राहिली, तसा हशा पिकला. "साडेपाच मीटर? कुणी टाईप केलं हे?" ज्यांनी टाईप केलेल्या कार्डांवरून ही यादी बनली, त्या संग्रहालयाच्या निवृत्त टायपिस्टबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्या उठल्या. "मी. सेंटिमीटर हवं होतं. त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती, चित्त थाऱ्यावर नव्हतं." हसू विरलं. एका मुलीने शेजारची खुर्ची ओढली. "मावशी, त्या आठवड्यातली सगळी कार्डं तपासूया?" संध्याकाळपर्यंत अकरा चुका सापडल्या. मुलीने यादीत नवा रकाना उघडला: दुरुस्ती कोणाची? तीस वर्षांत हजारो कार्डं टाईप केलेल्या बाईंनी पहिल्यांदाच तिथे स्वतःचं नाव टाईप केलं.