खोशिवाय उठायचं नाही

आरामखुर्ची पाहिली आणि जयवंता मॅडमचा चेहरा उतरला. निळ्या गादीची, मागे रेलता येणारी, चांगली ऐसपैस खुर्ची होती. शाळेतल्या सगळ्यांनी मिळून निरोपाची भेट म्हणून घेतलेली. धरमपेठेतल्या दुकानातून ती आणताना चित्रकलेच्या सरांची बोटं चेमटली होती, त्यामुळे तिला नावं ठेवायचीही सोय नव्हती.

"बसा नं मॅडम," मुख्याध्यापक सुमंत सर म्हणाले. "जिंदगीभर मैदानात उभ्या राहिल्या. आता मस्त आराम करा."

मॅडम बसल्या. पण कशा, तर अगदी कडेवर, टाचा उचलून, पुढे झुकून. पोरींना त्यांनी खो-खोच्या पाटीवर असंच बसायला शिकवलं होतं. "बसली म्हणजे झोपली नाही वं!" हे त्यांचं ओरडणं मैदानालगतच्या सगळ्या घरांना पाठ होतं. त्या ओरडण्यावर म्हणे काही घरांत कुकर चढायचा.

एकेक जण बोलायला उठला. शाल झाली, नारळ झाला. प्रत्येकाच्या भाषणाचा शेवट 'आता आराम करा' असाच होता. मॅडमना तो शब्द शिवीसारखा लागत होता. शाळेत खो-खोला नवा शिक्षक आला होता. रजत त्याचं नाव. तरुण, कष्टाळू, पोरींना आवडणारा. तीच तर पंचाईत होती. तो वाईट असता तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. उद्या पहाटे नेहमीसारखी जाग येईल, पायात बूट चढतील, आणि मग? या 'मग'ची त्यांना फार भीती वाटत होती. आयुष्यात एवढी भीती त्यांना कुठल्याच फायनलला वाटली नव्हती.

शेवटी त्यांना राहवेना. हातातला नारळ सावरत त्या उठायला लागल्या.

"मॅडम, फाऊल!" मागच्या रांगेतून त्यांची जुनी विद्यार्थिनी सोनिका ओरडली. "खोशिवाय उठायचं नाही!"

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या आणि परत बसल्या. नियम त्यांचाच होता. पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि आता आपल्याला खो कोण देणार, असं वाटून त्या पहिल्यांदाच खुर्चीत थोड्या मागे टेकल्या.

तेवढ्यात दारातून भूमिका आत आली. मॅडमच्या संघाची एकेकाळची कप्तान. आता ती शहराबाहेर, वाडी भागात राहायची आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागच्या मोकळ्या जागेत ड्रायव्हरांच्या, हमालांच्या पोरींना खो-खो शिकवायची. तिला आठवा महिना लागला होता. एक हात कमरेवर ठेवून, धापा टाकत ती चालत होती. दोघीतिघींनी उठून जागा दिली, तरी ती बसली नाही. सरळ मंचावर आली आणि मॅडमच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मले भाषण येत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरनं माह्यं मैदान बंद केलं. जिल्ह्याच्या मॅची तोंडावर आल्या. पोरी भाईर टेम्पोत बसून राहिल्या. त्यायले शिकवाले कोनी नाही."

मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. पण पाठ गादीपासून सुटली होती आणि टाचा पुन्हा उचलल्या गेल्या होत्या.

"मंग इतके दिवस बोलली काहून नाही वं?"

"तुम्हीच तं शिकवलं. आधी मागं पोचायचं. मंग हात लावायचा. मंगच बोलायचं."

आणि भूमिकाने मॅडमच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"खो!"

नारळ गडगडत सुमंत सरांच्या पायाशी गेला. शाल खुर्चीच्या हातावर राहिली. मॅडम कधी उठल्या आणि मंचाच्या तीन पायऱ्या एका उडीत कशा उतरल्या, हे कोणालाच नीट सांगता येईना. बाहेर शिट्टी वाजली. टेम्पोतून पोरींचा कल्ला उठला आणि त्यावर चढलेला तो ओळखीचा आवाज अख्ख्या शाळेने ऐकला, "उतरा वं खाली! टेम्पोत काय झोपाले आल्या?"

हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. रजत तर बाकावर चढून वाजवत होता.

"अहो पण मॅडम," सुमंत सर नारळ उचलून दाराकडे पाहत म्हणाले, "खुर्ची... आपण एवढ्या प्रेमानं घेतलेली..."

भूमिका खुर्चीला वळसा घालून पुढे आली. पोटावर हात ठेवून हळूच बसली, निळ्या गादीवर मस्त मागे रेलली आणि तिने पाय सैल सोडले.

"खो देनाऱ्यानं त्याच जागेवर बसायचं असते, सर."